महागडा गेमिंग मॉनिटर तपासायचा कसा: पॅनेलचा स्वभाव कुठला, नगातला दोष कुठला

खराब निघालेला मॉनिटर बंद पडलेला असतोच असं नाही. बहुतेक वेळा तो झकास सुरू होतो, गेम चालतो, घरातले सगळे 'भारी आहे' म्हणतात. डाव्या कोपऱ्यातला पिवळट उजेड मग कधीतरी पंधरवड्याने एखाद्या अंधाऱ्या सीनमध्ये डोळ्यात भरतो आणि तोवर बदलीची मुदत उलटून गेलेली असते. पन्नास-साठ हजारांपासून लाखाच्या पुढे जाणाऱ्या वस्तूचं असं होऊ नये, म्हणून मॉनिटर घरी आल्यावर काय, कुठल्या क्रमाने आणि किती बारकाईने पाहायचं ते इथे लिहितो.

याच्या उलट टोकाची माणसंही भेटतात. ब्राइटनेस शंभरावर, खोलीत काळोख, पडदा पूर्ण काळा आणि नाक काचेला लावून शोध सुरू. अशा तपासणीत कुठलाही आयपीएस मॉनिटर (आयपीएस हा एलसीडी पडद्याचा एक प्रकार) नापासच होणार. म्हणून सगळ्यात आधी दोन कप्पे वेगळे करायचे. काही गोष्टी त्या पॅनेलच्या, म्हणजे आतल्या मूळ पडद्याच्या, जातीचा स्वभाव असतात. नग दहा वेळा बदलला तरी त्या तशाच राहतात. काही गोष्टी मात्र त्या एका नगातला दोष असतात आणि त्यासाठी बदली मागायचीच, 'चाली जाई भो' (चालून जाईल भाऊ) म्हणून सोडायचं नाही. आपल्या खानदेशातून बदली मागवायची म्हणजे कुरिअरवाल्याच्या मागे लागणं, खोकं पुन्हा बांधणं आणि आठवडाभर थांबणं आलं. त्यामुळे हा फरक कळणं जळगाव-धुळ्यात पुण्या-मुंबईपेक्षा जास्त कामाचं.

घेण्याआधी: खोली, ऊन आणि पिनकोड

निम्मी तपासणी पैसे देण्याआधीच होते. पहिला प्रश्न खोलीचा. दिवसा खिडक्या उघड्या, समोर पांढरी भिंत आणि बाहेर खानदेशी ऊन, अशा खोलीत क्यूडी-ओलेड पॅनेल (ओलेडचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणाऱ्या पडद्याचा, एक प्रकार) घेतलं की निराशा ठरलेली. या पॅनेलमध्ये नेहमीचा पोलरायझर (बाहेरचा उजेड परत येऊ न देणारा थर) नसतो. बाहेरचा उजेड पडला की काळा रंग काळा राहत नाही, जांभळट-राखाडी दिसतो. रात्री दिवे मालवून तोच मॉनिटर पाहिला तर नजर हटत नाही. हा स्वभाव आहे, तक्रार करून बदलणार नाही. दिवसा खेळणाऱ्याने चांगला आयपीएस किंवा मिनी-एलईडी (मागे छोट्या दिव्यांचे वेगवेगळे गट, म्हणजे झोन, असलेला एलसीडी) पाहावा, रात्री खेळणाऱ्याने खुशाल ओलेडकडे जावं.

ओलेडच्या जाहिरातीत १००० निट्स (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) लिहिलेलं असतं तेही नीट वाचा. तो आकडा पडद्याच्या अगदी छोट्या तुकड्यापुरता असतो, साधारण तीन टक्क्यांच्या आसपास. पूर्ण पांढऱ्या पानावर बहुतेक ओलेड मॉनिटर अडीचशे निट्सच्या आसपासच थांबतात.

दुसरा प्रश्न वापराचा. दिवसा त्याच मॉनिटरवर टॅली, एक्सेल किंवा शेअर बाजाराचे तक्ते आठ-दहा तास उघडे राहणार असतील आणि रात्री तासभर गेम, तर ओलेड घेऊ नका असंच माझं मत. एकाच जागी थांबलेली चित्रं ओलेडवर कायमचा ठसा उमटवू शकतात. त्यालाच बर्न-इन म्हणतात. काही कंपन्या तीन वर्षांच्या वॉरंटीत बर्न-इन धरतात, काही धरत नाहीत. परदेशी यूट्यूबर काय सांगतो यावर न जाता भारतातलं वॉरंटीपत्र वाचा.

तिसरा प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा आणि केबलचा. २७ इंची ४के पडद्यावर ८२,९४,४०० पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६,८६,४००. म्हणजे कार्डाला दुपटीहून जास्त काम. कार्ड मधल्या ताकदीचं असेल तर २७ इंची १४४०पी घेऊन उरलेले पैसे चांगल्या पॅनेलवर घालणं शहाणपणाचं. २७ इंचावर १०८०पी मात्र या किमतीत घेऊ नका, एका इंचात जेमतेम ८२ पिक्सेल बसतात आणि अक्षरं दाणेदार दिसतात.

मग येतो पिनकोड. ४२५००१ जळगाव, ४२५२०१ भुसावळ, ४२४००१ धुळे, ४२५४१२ नंदुरबार: आपला पिनकोड सांगून कंपनीच्या हेल्पलाइनला ऑर्डरच्या आधी विचारा, की घरी येऊन सेवा मिळते का, की मॉनिटर नाशिक-पुण्याला पाठवावा लागेल, आणि पाठवण्याचा खर्च कोणाचा. उत्तर ईमेलवर किंवा चॅटवर घ्या, म्हणजे पुढे दाखवता येतं. ऑनलाइन घेताना परतीच्या अटीत 'रिफंड' आहे की फक्त 'रिप्लेसमेंट', हेही पाहून घ्या. इलेक्ट्रॉनिक्सवर बऱ्याचदा सात-दहा दिवस मिळतात आणि तेही फक्त बदलीसाठी.

गावातल्या दुकानातून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेत असाल तर सील तिथेच फोडून मॉनिटर चालू करून दाखवायला सांगा. दुकानदार कुरकुर करतो, पण एवढ्या रकमेला तो नाही म्हणत नाही. खोक्यावरचा उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना-वर्ष वाचा, पाठीमागचा सिरियल नंबर आणि बिलावरचा नंबर जुळतो का ते बघा. पक्कं जीएसटी बिल घ्या. कच्च्या बिलावर हजार-दोन हजार वाचतात आणि वॉरंटी जाते.

खोकं उघडताना

फोन स्टँडला लावून व्हिडिओ चालू करा: खोक्याच्या सहाही बाजू, सील, सिरियल नंबर, मग उघडणं. मधे कट नको. खोक्याला ठोकर लागलेली दिसली तर ती कुरिअरवाल्यासमोरच टिपा.

पडद्याला हाताने धरू नका, कडेच्या चौकटीला धरा. वाकडा म्हणजे कर्व्ह्ड मॉनिटर सपाट टेबलावर कधीही पालथा घालू नये, सगळं वजन दोन कडांवर येतं. खोक्यातल्या थर्मोकोलवर तसाच ठेवून स्टँड बसवा. मे महिन्यात डिलिव्हरीच्या गाडीतून आलेलं खोकं हाताला गरम लागतं, आत एखाद तास पंख्याखाली पडू द्या. खोकं आणि थर्मोकोल फेकायचं नाही, भंगारवाला दारात आला तरी.

तपासणीआधीची मांडणी

या पायरीला लोक कंटाळतात, आणि 'खराब' म्हणून ओरड झालेले कितीतरी मॉनिटर इथेच बरे होतात.

१. खोक्यातलीच डिस्प्लेपोर्ट केबल वापरा आणि ती ग्राफिक्स कार्डात लावा, मदरबोर्डच्या पोर्टात नको. जुनी एचडीएमआय २.० केबल किंवा पोर्ट असेल तर ४के वर ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांच्या, पुढे गाडी जात नाही.

२. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा. २४० हर्ट्झचा मॉनिटर महिनोनमहिने ६० वर चालवणारे लोक आहेत.

३. मॉनिटरच्या मेनूतून फॅक्टरी रीसेट करा. मग डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, ब्लू लाइट फिल्टर, ब्लॅक इक्वलायझर, लोकल डिमिंग (पडद्यामागचे दिवे भागाभागाने मंद करणं) हे सगळं बंद. विंडोजचं एचडीआरही (गडद आणि उजळ यांतला फरक वाढवून दाखवणारा मोड) बंद. एचडीएमआय वापरत असाल तर कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट रेंज 'फुल' करा, नाहीतर काळा रंग राखाडी दिसतो आणि बिचाऱ्या पॅनेलवर आळ येतो.

४. ब्राइटनेस शंभरावर ठेवू नका. पडद्यावर पांढरं पान उघडा, शेजारी कोरा कागद धरा, दोन्ही साधारण सारखे दिसतील इतका ब्राइटनेस ठेवा. संध्याकाळच्या खोलीत हे १२० निट्सच्या आसपास येतं. यापुढची सगळी तपासणी याच ब्राइटनेसवर.

५. अर्धा तास काहीही व्हिडिओ चालू ठेवा. बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) आणि पॅनेल तापून स्थिर झाल्याशिवाय रंग आणि उजेडाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

पिक्सेल: वेळ कमी, निकाल पक्का

मायक्रोफायबर कापडाने धूळ पुसा. आपल्याकडच्या धुळीचा एक कण सहज मेलेला पिक्सेल वाटतो. मग लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे सपाट रंग एकेक करून पूर्ण पडद्यावर आणा. पडदा तपासण्याच्या मोफत साइटवर हे तयार मिळतं, नाहीतर पेंटमध्ये रंग भरून चित्र मोठं करा.

सगळ्या रंगांवर काळाच राहणारा ठिपका म्हणजे मेलेला पिक्सेल, तो परत येत नाही. एकाच रंगात अडकलेला ठिपका कधीकधी रंग भराभर बदलणाऱ्या व्हिडिओने सुटतो. काळ्या पडद्यावर पांढरा चमकणारा ठिपका सगळ्यात त्रासदायक. अंगठ्याने दाबून पिक्सेल जागा करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने शेजारचे पिक्सेल जातात.

आता कागदावरचं गणित. आयएसओ १३४०६-२ हे जुनं मानक होतं, नंतर त्याची जागा आयएसओ ९२४१-३०७ ने घेतली. जुन्या मानकाच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले आणि दोन कायम विझलेले पिक्सेल चालत. ४के पडद्याला हाच हिशेब लावला तर सोळा पेटलेले ठिपके असूनही मॉनिटर 'पास'! म्हणून 'आमचं मॉनिटर आयएसओप्रमाणे आहे' या वाक्याने हुरळून जायचं नाही. काही कंपन्या महाग मॉडेलवर एका पेटलेल्या पिक्सेललाही बदली देतात. कोणती देते ते घेण्याआधी तिच्या साइटवर पाहायचं असतं. कोपऱ्यातल्या एका काळ्या ठिपक्यासाठी मी स्वतः मॉनिटर परत करणार नाही. मधल्या भागात पेटलेला एक असला तरी करेन.

काळा पडदा: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

रात्री दिवे मालवा, पूर्ण काळं चित्र लावा आणि खेळताना बसता तिथेच, तितक्याच अंतरावर बसा. दोन मिनिटं डोळे सरावू द्या.

आयपीएसवर कोपऱ्यांत फिकट, चंदेरी किंवा पिवळसर चमक दिसेल. आता खुर्चीतून मान डावीकडे-उजवीकडे हलवा, थोडे मागे सरका. चमक तुमच्याबरोबर सरकली, मागे गेल्यावर कमी झाली, तर ती आयपीएस ग्लो. ती पॅनेलच्या जातीत आहे. कडेपासून आत आलेला, ठरावीक आकाराचा, कुठूनही पाहिला तरी जागचा न हलणारा उजेड असेल तर तो बॅकलाइट ब्लीड. चौकट पडद्यावर कमी-जास्त आवळली गेल्याने मागचा उजेड फटीतून बाहेर येतो. हा त्या नगाचा दोष.

पण ब्लीड आहे एवढ्यावरच निकाल देऊ नका. थोडंफार ब्लीड बहुतेक एलसीडींत असतं. एखाद्या गेममधला भुयाराचा किंवा रात्रीच्या जंगलाचा सीन लावा. खेळता खेळता नजर आपोआप त्या कोपऱ्याकडे गेली तर मॉनिटर परत. मुद्दाम शोधावं लागलं तर राहू द्या.

फोनने काढलेले फोटो इथे फार फसवतात. अंधारात कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो आणि किंचित चमक आगीसारखी दिसते. मित्रांच्या ग्रुपवर असा फोटो टाकला की दहा जण 'परत कर' म्हणणारच. तक्रारीसाठी फोटो लागणारच, तर पडद्यावर बोट धरून ठेवून एक्स्पोजर लॉक करा आणि डोळ्यांना दिसतं तितकंच दिसेपर्यंत ते खाली आणा.

व्हीए (एलसीडीचाच आणखी एक प्रकार) पॅनेलचा काळा जास्त गडद असतो. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण १०००:१, तर व्हीएचा ३०००:१ आणि पुढे. त्यामुळे व्हीएवर मधेच ढगासारखे फिकट डाग दिसले तर ते जास्त खुपतात आणि दोषात धरावेत. बाजूने पाहिल्यावर गडद रंग फिके पडणं मात्र व्हीएचा स्वभावच.

ओलेडमध्ये बॅकलाइट नसतो, म्हणून पूर्ण काळ्यावर काही दिसणार नाही. तिथे पडदा साधारण पाच टक्के राखाडी करा. उभ्या बारीक रेघा, पट्टे दिसतील. नव्या ओलेडवर त्या थोड्या असतातच, आणि साधारण चार तासांच्या वापरानंतर स्टँडबायमध्ये मॉनिटर आपोआप पिक्सेल रीफ्रेश करतो तेव्हा पुष्कळदा कमी होतात. म्हणून ओलेडचा हा निकाल पहिल्या दिवशी लावू नका, तीन-चार दिवस वापरून मगच पुन्हा पाहा.

राखाडी पडदा आणि क्रिकेटचं मैदान

अर्धा राखाडी आणि पूर्ण पांढरा पडदा लावून दोन्ही बाजू तुलना करा. डावी बाजू गुलाबीसर आणि उजवी हिरवट, असं डोळ्याला पटकन दिसलं तर ते रंगाचं असमान वाटप. खेळताना त्रास कमी, पण फोटो किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला हे चालणार नाही. कडा मधल्या भागापेक्षा किंचित गडद असणं सर्रास असतं, ते मनावर घेऊ नका.

पडदा मळकट दिसण्याची खरी परीक्षा क्रिकेट किंवा फुटबॉलचा सामना. कॅमेरा हिरव्या मैदानावरून आडवा सरकतो तेव्हा पडद्यावरचे धुरकट पट्टे जागेवरच राहतात आणि मैदान त्यांच्या मागून जातं. थांबलेल्या चित्रात हे कधीच कळत नाही.

हलतं चित्र: ज्यासाठी पैसे मोजले

खोक्यावर '१ एमएस' छापलेलं असतं. तो आकडा बहुधा सगळ्यात आक्रमक ओव्हरड्राइव्हवर (पिक्सेलला जोर देऊन रंग लवकर बदलायला लावणाऱ्या सेटिंगवर), एखाद्या सोयीच्या रंगबदलात मिळालेला असतो किंवा एमपीआरटी नावाच्या वेगळ्याच मापाचा असतो. त्यावर निर्णय घेऊ नका. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ ला ६.९४, २४० ला ४.१७. पिक्सेलचा रंग या वेळेच्या आत बदलला नाही, तर पुढच्या फ्रेमवर मागचीची सावली राहते. २४० हर्ट्झचं नाव आणि मंद पिक्सेल अशी जोडी बाजारात भरपूर आहे.

टेस्टयूएफओ या मोफत साइटवर उडत्या तबकडीचं घोस्टिंगचं (मागे राहणाऱ्या सावलीचं) पान उघडा. नजर तबकडीवर ठेवून तिच्याबरोबर फिरवा. मागे गडद शेपूट दिसली तर पिक्सेल मंद. मग मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राइव्ह (कुठे 'रिस्पॉन्स टाइम', कुठे 'ट्रेस फ्री') एकेक पायरी वाढवा. शेपूट कमी होत जाईल आणि एका टप्प्यावर तबकडीच्या मागे फिकट, उलट्या रंगाची कड उमटू लागेल. तो ओव्हरशूट. त्याच्या एक पायरी खाली थांबा. बहुतेक मॉनिटरवर ही जागा मधली असते, 'एक्स्ट्रीम' नव्हे.

हेच १२० आणि ६० हर्ट्झवरही करून पाहा, कारण खऱ्या गेममध्ये फ्रेम रेट वरखाली होतो. काही मॉनिटर २४० वर स्वच्छ असतात आणि ८० वर आले की त्याच सेटिंगला कडा सोडतात. प्रत्येक वेगाला ओव्हरड्राइव्ह आपोआप बदलणारा मॉनिटर असेल तर तो फरक इथेच कळतो, आणि जास्तीचे पैसे कुठे गेले तेही.

व्हीएवर गडद वस्तू गडद पार्श्वभूमीवर सरकताना काळपट डाग ओढत जातात. आजचे काही महागडे व्हीए यातून बरेच बाहेर आले आहेत, तरी जातीचा हा स्वभाव अजून पूर्ण गेलेला नाही. नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याने दुकानात हे पाहिल्याशिवाय व्हीए घेऊ नये. ओलेडवर शेपूट जवळपास दिसतच नाही, पिक्सेल तिथे मिलिसेकंदाच्या अंशात बदलतो.

फ्रेम गळतात का हेही पाहायचं. त्याच साइटवर फ्रेम स्किपिंगचं पान आहे: चौकटींच्या जाळीत एक चौकोन पुढे पुढे पेटत जातो. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/१० सेकंद ठेवून फोटो काढा. फोटोत पेटलेले चौकोन सलग दिसले तर ठीक. मधे मधे रिकामे दिसले तर मॉनिटर फ्रेम गाळतोय. आधी ब्राउझर आणि कार्डाची सेटिंग तपासा, दुसऱ्या केबलने पुन्हा पाहा, तरीही गळत असेल तर थेट दोष.

आता व्हीआरआर, म्हणजे पडद्याचा वेग गेमच्या फ्रेम रेटशी जुळवणारी जी-सिंक किंवा फ्रीसिंक ही सोय. हे चालू असताना गेमच्या मेनूत, लोडिंगच्या पडद्यावर किंवा अंधाऱ्या सीनमध्ये उजेड थरथरताना दिसला तर घाबरू नका. फ्रेम रेट झपकन वरखाली झाला की ओलेड आणि व्हीएवर हे होतं. नग बदलून जात नाही. कार्डाच्या सेटिंगमधून फ्रेम रेटला मर्यादा घाला, चढउतार कमी झाले की थरथर बरीच कमी होते. डोळ्यांना फारच झोंबत असेल तर त्या गेमपुरतं व्हीआरआर बंद. आयपीएसवर अशी ठळक थरथर दिसली तर मात्र संशय घ्या.

पडदा सेकंदभर काळा होऊन परत येणं हे वेगळं. त्यात पहिला संशय केबलवर घ्यायचा. लांब आणि स्वस्त केबल काढा, खोक्यातली लावा. तरीही रोज होत असेल तर तारीख-वेळ टाकून व्हिडिओ ठेवा.

एचडीआर: शिक्का आणि खरं

पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने डिस्प्लेएचडीआरचे शिक्के २०१७ मध्ये आणले. त्यातला ४०० चा शिक्का एलसीडीवर असेल तर एचडीआरच्या नावाने एक रुपयाही जास्त देऊ नका. त्या पातळीला लोकल डिमिंगची अट नाही, म्हणजे काळा-पांढरा फरक पूर्वीइतकाच राहतो. 'ट्रू ब्लॅक' लिहिलेले शिक्के ओलेडसारख्या पॅनेलसाठी असतात. तिथे ४०० सुद्धा दमदार दिसतं.

मिनी-एलईडीची परीक्षा सोपी. लोकल डिमिंग चालू करून काळ्या पडद्यावर माउसचा पांढरा बाण फिरवा. बाणाभोवती उजेडाचं वलय दिसेल. ११५२ झोनचा ४के मॉनिटर घेतला तरी एका झोनच्या वाट्याला ७२०० पिक्सेल येतात, ५७६ झोन असतील तर १४,४००. वलय असणारच. बाण पुढे गेल्यावर मागचा झोन उशिरा विझत असेल, किंवा एखादा झोन कायमचा पेटलेला वा मेलेला असेल, तर तो दोष आणि बदलीला पात्र.

मराठी मजकूर उघडून बघा

ही परीक्षा इंग्रजी समीक्षांमध्ये सापडणार नाही. क्यूडी-ओलेडमध्ये लाल, हिरवा, निळा हे उपपिक्सेल एका ओळीत नसून त्रिकोणात मांडलेले असतात, त्यामुळे आडव्या कडांना हिरवट-गुलाबी झाक येते. रोमन अक्षरांत आडव्या रेघा तुटक असतात. आपल्या मजकुरात मात्र प्रत्येक शब्दावर शिरोरेखा. मराठी बातमीचं पान काळ्या अक्षरांत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर उघडा आणि पाच मिनिटं नेहमीसारखं वाचा. २७ इंची १४४०पी क्यूडी-ओलेडवर झाक जाणवू शकते. त्याच आकाराच्या ४के पॅनेलवर पिक्सेल बारीक असल्याने ती बरीच विरते. दिवसभर मराठी टायपिंग करणाऱ्याला हा फरक गेमिंगच्या फरकापेक्षा मोठा ठरेल. हाही स्वभावच, पण घेण्याआधी दुकानात पाहण्यासारखा.

कूलर, वीज आणि रात्रीचा मेन स्विच

बऱ्याच मॉनिटरच्या माहितीपत्रकात चालवण्याचं कमाल तापमान ४० अंश दिलेलं असतं, काहींत ३५. भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो. वरच्या मजल्यावरच्या, पत्र्याखालच्या खोलीत दुपारी तीनला आत किती असेल ते सांगायला नको. मुदत उन्हाळ्यात चालू असेल तर एक तपासणी दुपारच्या उकाड्यातही करा. तापल्यावर पडदा मंद होतो का, मागून गुणगुण वाढते का, आत पंखा असेल तर त्याचा आवाज किती, हे तेव्हाच कळतं. ओलेडला उष्णता आणि जास्त ब्राइटनेस एकत्र मिळाली की झीज लवकर होते. कूलरचा दमट झोत थेट मॉनिटरवर नको, मागच्या झरोक्यातून ओल आत जाते.

बहुतेक मॉनिटर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, म्हणून कमी दाबासाठी वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. धोका वळवाच्या पावसातल्या विजांचा आणि लाइट येताना बसणाऱ्या झटक्याचा. सर्ज प्रोटेक्टर आणि यूपीएस घ्या. स्टँडच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर आधी घरातलं अर्थिंग तपासा, मॉनिटरला दोष नंतर.

एक सवय ओलेडवाल्यांनी मोडायची: झोपण्याआधी बोर्डाचं मेन बटण बंद करणं. पिक्सेल रीफ्रेश स्टँडबायमध्ये चालतो. मेन बंद केलं की तो होतच नाही, आणि घरातल्या मोठ्यांनी काळजीने केलेली गोष्ट पॅनेलच्या मुळावर येते. मॉनिटर बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं वीज राहू द्या.

परत करायचा की ठेवायचा

मेलेला झोन, मधला पेटलेला पिक्सेल, खेळताना दिसणारं ब्लीड, गळणाऱ्या फ्रेम, वारंवार काळा पडणारा पडदा, न चालणारं पोर्ट, डुगडुगणारा स्टँड: यासाठी वाद घाला. आयपीएस ग्लो, व्हीएची काळी शेपूट, मिनी-एलईडीचं वलय, उजेडात जांभळणारं क्यूडी-ओलेड: यासाठी नग बदलू नका, जमलं तर मॉडेल बदला. आणि एक लक्षात असू द्या, बदलून आलेला नग पहिल्यापेक्षा वाईटही निघू शकतो. पहिल्यात दोष किरकोळ असेल तर दुसरा येईपर्यंत तो हातचा सोडू नका, अशी सोय असली तर.

तक्रार लेखी करा: सिरियल नंबर, बिल, खोकं उघडतानाचा व्हिडिओ, एक्स्पोजर लॉक केलेला फोटो आणि दोन ओळींत दोष. 'पॅनेल बकवास आहे' असं लिहिलेल्या तक्रारीला साचेबद्ध उत्तर येतं. 'उजव्या खालच्या कोपऱ्यात कडेपासून आठ सेंटिमीटर आत ब्लीड, पाहण्याचा कोन बदलल्यावर हलत नाही' असं लिहिलं की समोरच्याला ते टाळता येत नाही. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता बंगळुरूचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही.

सेकंडहँड घेत असाल तर

पुण्यातून नोकरी बदलून जाणारी मुलं चांगले मॉनिटर अर्ध्या किमतीत विकतात. सौदा गोड असतो, पण वीज जोडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ओलेड असेल तर मेनूत वापराचे तास दाखवतो का ते पाहा, मग लाल, हिरवा आणि मधला राखाडी पडदा लावून खालच्या पट्टीत टास्कबारची आणि कोपऱ्यांत गेमच्या नकाशाची सावली शोधा. आयपीएस असेल तर पांढऱ्या पडद्यावर कडेचे पिवळट डाग आणि दाबल्याच्या खुणा पाहा. मूळ बिल आणि खोकं दोन्ही मागा. वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का ते कंपनीला विचारा. खोकं नाही म्हणाला तर भाव खाली आणा, कारण थर्मोकोलशिवाय तो मॉनिटर शिवाजीनगरहून चाळीसगावपर्यंत एसटीच्या डिकीत धड पोचेल याची हमी कोणीच देणार नाही.